कोर्टाने सांगितलेली शाळा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा अठराच्या आतला होता. त्याच दिवशी त्याला बाल न्याय मंडळासमोर उभे केले आणि काही तासांत जामीन झाला. जामिनाला अटी होत्या. रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा, आरटीओत जाऊन वाहतुकीचे नियम शिकायचे, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचे, समुपदेशन घ्यायचे, व्यसनासाठी डॉक्टरांना दाखवायचे. महाराष्ट्राच्या लक्षात राहिली ती फक्त पहिली अट. दोन जीव गेले आणि त्याबद्दल निबंध, हा संताप टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे होता.

तो संताप रास्त होता. जामिनाची अट म्हणजे शिक्षा नव्हे, हे वकिलांनी समजावून सांगितले. पण ज्या घरातले लेकरू गेले त्या घराला हा फरक कोणी समजावू नये. पुढे मंडळाने तीन दिवसांत आपला आदेश बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला असे ठेवणे बेकायदा ठरवून सोडले. जुलैमध्ये त्याने निबंध दिला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न बाजूला पडला आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. कोर्ट एखाद्याला ‘शिकून ये’ म्हणते तेव्हा पुढे नेमके काय होते? शिकवतो कोण, कुठे, किती तास, आणि तो खरोखर शिकला हे पाहतो कोण? पुण्यातल्या त्या मुलाच्या दाराशी आरटीओ होते, समुपदेशक होते, नेऊन आणणारी माणसे होती. हीच अट अकोले तालुक्यातल्या किंवा जामखेडच्या एखाद्या पोराला घातली असती तर त्याने ती कशी पाळली असती?

म्हणून हा लेख नगर जिल्ह्याविषयी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त, तालुके चौदा. अकोल्यात सह्याद्रीचा कडा आहे, जामखेडला बीड-धाराशिवची सीमा लागते. एका टोकाचा माणूस जिल्ह्याच्या गावाला कामासाठी निघाला की त्याचा अख्खा दिवस जातो. बाल न्याय मंडळ बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारीही तिथलाच. अकोल्याहून मुलाला घेऊन आई किंवा बाप तारखेला निघतो तेव्हा येऊन-जाऊन दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो आणि एक रोज बुडतो. तारीख पुढे गेली तर दुसराही बुडतो. याच माणसाला आठवड्यातून एकदा नगरला समुपदेशनाला यायला सांगितले, तर आदेश कागदावर कितीही चांगला असो, तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मोडणार.

आणि या जिल्ह्याला अशा वर्गांची गरज नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. नगर-मनमाड रस्ता ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या, शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्या, कांद्याचे ट्रक, खड्डे आणि अपुरी कामे यांच्यातून वाट काढत रोज हजारो माणसे जातात. नाशिक-पुणे मार्ग संगमनेरमधून जातो, कल्याणचा रस्ता माळशेज घाटातून जातो. दिवाळीच्या मागेपुढे कारखान्यांची धुराडी पेटली की या रस्त्यांवर ऊस येतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, मागच्या बाजूला रिफ्लेक्टर असला तर असला, आणि मोठ्या आवाजात टेप. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीला ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा कित्येकदा अठराचा नसतो, हे गावात सगळ्यांना माहीत असते आणि कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. शेतावर चालवतोच की, मग रस्त्यावर का नको, असे घरातलेच म्हणतात.

कायदा काय म्हणतो ते थोडे नीट पाहू, कारण आपल्याकडे दंडाचीच तेवढी चर्चा होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जाईल, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीतले दुसरे कलम फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्याचे लायसन्स निलंबित झाले, त्याने वाहनचालकांचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय ते परत द्यायचे नाही, असे कलम १९ मध्ये लिहिले आहे. दंड भरून प्रकरण मिटवले तरी हा वर्ग आणि लागू असेल तिथे समाजसेवा चुकत नाही, असेही कलम २०० सांगते. म्हणजे पैसे भरले की सुटलो ही आपली समजूत कायद्याला मान्य नाही. आपण मात्र तीच समजूत जपली आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा याहून पुष्कळ पुढे गेला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम १८ वाचताना मला प्रत्येक वेळी वाटते की हे लिहिणाऱ्यांना मुले कळत होती. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते. हे मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, गट समुपदेशनाला पाठवू शकते, देखरेखीखाली समाजसेवा करायला लावू शकते, चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर आईबापांच्या ताब्यात देऊ शकते. त्याच्या जोडीला शाळेत जाण्याचा, धंदेशिक्षणाच्या केंद्रात जाण्याचा, उपचार घेण्याचा, व्यसनमुक्ती कार्यक्रमात सामील होण्याचा आदेश देऊ शकते. मोठ्यांसाठी १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी दोघांपैकी एकाला किंवा दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आणली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, सार्वजनिक जागी दारू पिऊन गोंधळ अशा सहा गुन्ह्यांना ती देता येते.

अपराध्याला शाळेत धाडायची कल्पना आपल्या मातीला नवीन नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. मुंबई प्रांताने १९२४ मध्ये मुलांसाठी कायदा केला आणि १९३८ मध्ये परिविक्षेचा. स्वातंत्र्याआधीच इथल्या न्यायालयांना ‘तुरुंगाऐवजी शिक्षण’ हा मार्ग माहीत होता.

पण त्या इतिहासाला काळी बाजूही आहे आणि नगर जिल्ह्यात बसून ती विसरता येत नाही. श्रीगोंदा, कर्जत, पारनेर या भागांत पारधी समाजाची वस्ती आहे. १८७१ मध्ये आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना पोलीस पाटलाकडे हजेरी लावावी लागे. सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाआड वसाहती केल्या, तिथे शाळा होत्या, कामही होते, आणि सरकारच्या कागदांत या सगळ्याचे नाव सुधारणा असे होते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घेण्याची सवय गेलेली नाही. म्हणून ‘शिकवण्यासाठी हजर राहा’ हा सरकारी हुकूम सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही. ज्याच्या पणजोबांनी हजेरी लावली, त्याला वर्गाची हजेरी वेगळी आहे हे शब्दांनी सांगून भागणार नाही, वागणुकीने दाखवावे लागेल. वर्ग घेणाऱ्याने पहिल्या दिवशी त्याच्याशी कोणत्या सुरात बोलायचे, इथपासून ही गोष्ट सुरू होते.

आता ऑनलाइनकडे येतो. न्यायव्यवस्थेतली एक गोष्ट आपल्याकडे ऑनलाइन झाली आणि ती चांगली चालली, ती म्हणजे दंड. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात ‘न्याय कौशल’ केंद्र सुरू झाले आणि त्याबरोबर काटोलला आभासी न्यायालय. राज्यात कुठेही झालेल्या वाहतूक चलानाचा निपटारा तिथून करायचा, अशी ती योजना. नगरच्या रस्त्यावर कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीचे चलान मोबाइलवर येते, मोबाइलवरच भरता येते. भरले नाही तर लोकअदालतीची नोटीस येते आणि तिथे तडजोड होते. पैसे वसूल करण्यासाठी आपण अंतर पुसून टाकले. मग शिकवण्यासाठी तेच अंतर का पुसत नाही? हेल्मेट नाही, चुकीच्या बाजूने आला, सिग्नल तोडला, प्रत्येकाला रक्कम ठरलेली आहे. एक तासाचा वर्ग कोणाच्याच वाट्याला येत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा वर्ग चांगला परिचित आहे. टेक्सासमध्ये वेग मर्यादेबाहेर गेला तर काही अटींवर कोर्टाची परवानगी घेऊन सहा तासांचा सुरक्षित वाहनचालनाचा अभ्यासक्रम करता येतो आणि चलान रद्द होते. बहुतेक जण तो घरी बसून ऑनलाइन पुरा करतात आणि प्रमाणपत्र कोर्टाला देतात. फ्लोरिडात लहान मुले असलेल्या जोडप्याला घटस्फोट हवा असेल तर पालकत्वावरचा किमान चार तासांचा वर्ग दोघांनाही करावा लागतो, तोही ऑनलाइन मिळतो. यातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे कुटुंब न्यायालयात समुपदेशक आहेत, ते जोडप्याला पुन्हा जुळवायचा प्रयत्न करतात. पण जुळणार नसेल तर मुलाला दोघांच्या भांडणात कसे ओढू नये, हे बसवून शिकवणारा नेमलेला वर्ग नाही. दिवाळीची सुट्टी कोणाकडे, यावरून मुलाची ओढाताण होते ती या शहाणपणाच्या अभावी.

ब्रिटनची पद्धत मला सर्वांत उपयोगाची दिसते. तिथे वेगमर्यादा थोडीफार ओलांडणाऱ्याला पोलीस दंडाऐवजी वेगजाणिवेचा वर्ग देऊ करतात. हा वर्ग पूर्वी सभागृहात होई, करोनाच्या काळात तो ऑनलाइन गेला आणि ऑनलाइनच रुळला. पण तो नुसता चित्रफितींचा वर्ग नाही. पडद्यावर प्रशिक्षक थेट बोलत असतो, मोजकी माणसे असतात, प्रत्येकाचा कॅमेरा चालू ठेवावा लागतो, ओळख पटवावी लागते, प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. गाडी चालवत किंवा स्वयंपाक करत वर्गाला बसलेल्याला बाहेर काढतात.

हा फरक आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या पद्धतीचा अनुभव आपण घेऊन बसलो आहोत. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली. हेतू उत्तम होता. रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहायची, मग प्रश्न सोडवायचे. थोड्याच दिवसांत बातम्या येऊ लागल्या की परीक्षा उमेदवाराच्या ऐवजी एजंटच देत आहेत. कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारा, लोक मोकळेपणाने सांगतात: कागद दिले, पैसे दिले, लायसन्स आले. त्या पोराने ती चित्रफीत पाहिलेली नाही. उजवीकडे वळताना कोणाला आधी जाऊ द्यायचे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. उद्या कोर्टाने दिलेला वर्ग असाच एका बटणावर ठेवला, तर एजंटाच्या दरपत्रकात आणखी एक ओळ वाढेल आणि कोर्टाकडे प्रमाणपत्रांची थप्पी लागेल. त्यापेक्षा वर्ग नसलेला बरा, असे मी स्पष्ट म्हणतो. खोटे प्रमाणपत्र कोर्टाच्या दप्तरात गेले की पुढच्या वेळी तोच माणूस ‘सुधारलेला’ म्हणून उभा राहतो.

मग ऑनलाइन वर्गाची खरी गरज आहे ती कोणाला? विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके येतात. इथून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. कोणी जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता चालवायला हात लागतात. समजा, अशा घरातला सोळा वर्षांचा मुलगा चोरीच्या किंवा मारामारीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे आला. मंडळाने त्याला परिविक्षेवर आईबापांच्या ताब्यात दिले, शाळेत जा म्हणून सांगितले, समुपदेशनाला ये म्हणून सांगितले. कायद्याच्या दृष्टीने उत्तम आदेश. तीन आठवड्यांनी ते कुटुंब फडावर निघून जाते. आता शाळा कोणती? समुपदेशक कुठे? परिविक्षा अधिकारी नगरला, मुलगा पाच-सहा महिने शिरोळच्या फडात. मुलाने आदेश मोडला असे दप्तरात लिहिले जाईल, पण खरे पाहता त्याच्या पोटाने त्याला तिकडे नेले.

या मुलासाठी आठवड्यातून एक तास मोबाइलच्या पडद्यावर ओळखीचा चेहरा येणे, हे फार मोठे काम करील. तोच परिविक्षा अधिकारी किंवा तोच समुपदेशक, दर आठवड्याला त्याच वाराला. कोपीवर राहतोस तिथे झोप कशी लागते, कोणाबरोबर फिरतोस, काम किती वाजता संपते, पुस्तक उघडलेस का. जवळच्या साखरशाळेत किंवा जिल्हा परिषद शाळेत त्याचे नाव घालता येईल का, हे त्या तासातून समजेल. समुपदेशनात चेहरा न बदलणे महत्त्वाचे असते. दर वेळी नवा माणूस आला की मुलाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि दोन-तीनदा सांगून झाली की ते पोर तोंड मिटून घेते.

हे अशक्य नाही, कारण ते एकदा करावे लागले होते. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने करोनाकाळातल्या बालगृहांविषयी आदेश दिला, तेव्हा बाल न्याय मंडळांनी दृक्श्राव्य माध्यमातून बैठका घ्याव्यात आणि निरीक्षणगृहातल्या मुलांना समुपदेशन मिळत राहावे, असे सांगितले होते. साथ ओसरली आणि तारखा पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या. संकटात जी सोय झाली ती गरिबांसाठी कायम ठेवायला हवी होती. सुनावणी प्रत्यक्षच व्हावी, मंडळाने मुलाला डोळ्यांनी पाहावे, हे मला मान्य आहे. पण सुनावणीनंतरचा पाठपुरावा प्रत्येक वेळी एसटीच्या तिकिटावर अवलंबून ठेवायचे कारण नाही.

एक धोका मात्र शहरातल्या धोरणकर्त्यांच्या सहज लक्षात येत नाही. बाल न्याय कायदा मुलाची ओळख उघड करायला कडक मनाई करतो, आणि प्रकरण संपल्यावर त्याची नोंदही सर्वसाधारणपणे पुसून टाकायला सांगतो, म्हणजे मोठेपणी ती आडवी येऊ नये. गावात मोबाइल एकट्याचा नसतो. एका खोलीच्या घरात भिंतीआड बोलायची सोय नसते. गावातल्या आपले सरकार केंद्रात जाऊन मुलाने वर्गाला बसावे असे ठरवले, तर संध्याकाळपर्यंत पारावर बातमी पोहोचेल. गटाच्या वर्गात कोणी पडद्याचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, तर त्या मुलाच्या कपाळावरचा शिक्का कोणतेच कलम पुसू शकणार नाही. म्हणून मला वाटते, ही बैठक तालुक्याच्या न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात किंवा विधी सेवा समितीच्या खोलीत व्हावी. तिथे जाण्याचे कारण कोणालाही दाखल्याचे सांगता येते. अकोल्याच्या मुलाला नगरऐवजी अकोल्यात जायचे आहे, हाच त्यातला मोठा लाभ. फडावर गेलेल्या मुलालाही तिथल्या तालुक्याच्या न्यायालयात अशी खोली उघडी असावी.

आणि काही शिक्षण असे आहे की ते पडद्यातून येणार नाही. याचे जुने उदाहरण पारनेर तालुक्यातच आहे. राळेगणसिद्धीच्या शाळेने आणि वसतिगृहाने बाहेरगावची नापास झालेली, घरच्यांनी हात टेकलेली मुले मुद्दाम घेतली. पहाटे उठणे, श्रम, सर्वांबरोबर जेवण, शिक्षकांचा सहवास यातून मुले सावरली. याच गावात दारूबंदीच्या सुरुवातीच्या काळात दारुड्याला खांबाला बांधून मारण्याचेही प्रकार झाले. त्याचे समर्थन आज करता येणार नाही आणि मी करत नाही. पण वसतिगृहाचा अनुभव खरा आहे: वाट चुकलेले पोर माणसांत राहून बदलते. नगर शहरात १९८९ पासून स्नेहालयने वंचित मुलांसोबत केलेले कामही हेच सांगते. व्यसन लागलेल्या मुलाला ऑनलाइन व्याख्यान पाठवणे म्हणजे वेळ मारून नेणे आहे. त्याला उपचार लागतात, माणूस लागतो.

मोठ्यांच्या बाबतीतही अशीच विभागणी करावी लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात एका उच्चशिक्षित तरुणाला जामीन देताना, तीन महिने आठवड्याच्या शेवटी वरळी नाक्याच्या सिग्नलवर ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ असा फलक घेऊन उभे राहायला सांगितले. त्या आदेशाचे खूप कौतुक झाले. मला त्यात एक अडचण दिसते. चौकात उभे राहणारा माणूस लाजतो हे खरे, पण त्या वेळात त्याला कोणी काही शिकवत नाही. रक्तातल्या मद्याची तीस मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडल्यावर हात-डोळ्यांचे काय होते, थांबायला लागणारे अंतर कसे वाढते, अपघातात कंबरेखाली लुळ्या झालेल्या माणसाचे घर कसे चालते, हे त्याला ऐकू द्यायला हवे होते. लाज वाटायला लावणे न्यायाधीशाला सोपे जाते. शिकवण्यासाठी आधी व्यवस्था उभी असावी लागते, आणि ती नसल्यामुळेच असे आदेश प्रत्येक न्यायाधीशाच्या कल्पनेवर सोडले जातात. कल्पना कधी भलतीकडेही जाते. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार बाईकडून राखी बांधून घेण्याची अट घातली गेली, ती १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. त्याच निकालात न्यायाधीशांनाच लिंगभावाविषयी प्रशिक्षण द्यावे असे न्यायालयाने सांगितले. शिकून येण्याची गरज कठड्याच्या दोन्ही बाजूंना असते, हे न्यायालयाने स्वतःच मान्य केले, हे मला फार मोठे वाटते.

व्यवस्था उभी करायला लागणारी माणसे नगरमध्ये आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका समित्या गावोगाव कायदेविषयक शिबिरे घेतात, त्यांचे विधी स्वयंसेवक आहेत. नगर शहरात समाजकार्य शिकवणारी सीएसआरडी संस्था आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते. दूरशिक्षणाचा अनुभव तर महाराष्ट्राइतका थोड्यांना असेल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झाले, शेतकऱ्याला, गृहिणीला, कैद्यालाही त्याने पदवीपर्यंत नेले. त्या विद्यापीठाची रीत साधी आहे: पुस्तक घरी वाचा, पण तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात संपर्कसत्राला या, आणि परीक्षा समोर बसून द्या. कोर्टाने दिलेल्या वर्गाला हीच रीत लावावी. नियमांची माहिती, चित्रफिती, वाचन हे मोबाइलवर, मराठीत, आणि वाचता न येणाऱ्यासाठी आवाजात. प्रशिक्षकाबरोबरचे एक-दोन तास ई-सेवा केंद्रात, कॅमेऱ्यासमोर, ओळख पटवून. आणि वाहनचालकाच्या बाबतीत शेवटची चाचणी रस्त्यावर. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवला, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवरचे आहेत. घरबसल्या ज्ञान मिळते, सवय मिळत नाही, हे नियम करणाऱ्यांना कळले होते.

या सगळ्याला सरकारी निर्णय लागेल, निधी लागेल, वेळ लागेल. पण एक वर्ग या हंगामातच सुरू करता येईल आणि त्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उभा राहिला. कारखाने दर हंगामात ऊस वाहतुकीचे करार करतात. त्या करारात एक अट घालता येते: ट्रॅक्टरचालक अठरा वर्षांवरचा असेल, त्याच्याकडे लायसन्स असेल, दोन्ही ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर असतील, आणि पहिली खेप टाकण्याआधी चालक कारखान्याच्या आवारात दोन तासांच्या वर्गाला बसलेला असेल. आरटीओचा एक अधिकारी आणि मोठा पडदा एवढ्यात तो वर्ग होईल. अधिकाऱ्याला प्रत्येक ठिकाणी जाणे जमत नसेल तर तो पडद्यावरून बोलेल आणि समोर चालक हजेरीला असतील. वर्गाला न बसलेल्याची खेप काट्यावर घ्यायची नाही.

हा अंक आपल्या हातात येईल तेव्हा मोळी टाकण्याचे कार्यक्रम सुरू असतील किंवा तोंडावर आलेले असतील. आपण कारखान्याचे सभासद असाल तर संचालक मंडळाला एक अर्ज लिहा आणि वाहतूक करारात ही अट घातली आहे का, एवढे विचारा. उत्तर लेखी मागा.